कठड्याची उंची

हॅलोवेल,
४ फेब्रुवारी १९५७

प्रिय एमेट,

नेब्रास्कात बर्फ किती पडलं हे तू मला दर पत्रात सविस्तर कळवतोस. या खेपेला बातमी माझ्याकडे आहे, म्हणून मी भारी खुशीत आहे. मिल स्ट्रीटवरच्या क्रँडलबाई गेल्या. माडीच्या कठड्यावरून थेट खालच्या फरशीवर. आणि त्यांची कामवाली हेटी ग्रूम तुरुंगात आहे. हो, तीच. आईच्या आजारपणात आपण ठेवली होती ती हेटी.

हेटी म्हणते, "मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. बाई वरून वाकून माझ्यावर खेकसत होत्या आणि एकदम धप्पकन आवाज आला." शेजारीण म्हणते, त्याआधी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. बाईंच्या दंडावर वळही सापडलेत. क्रँडलबाई कुणाशी भांडत नव्हत्या ते आधी सांग, असं तू म्हणशील. म्हण बापडा.

आता खरी गोष्ट. सरकारी वकील मिस्टर व्हिटकोम परवा स्वतः माझ्या कारखान्यात आले. टोपी काढून हातात धरली होती. खिडकीतलं बाहुलीघर बराच वेळ न्याहाळत राहिले आणि म्हणाले, "मिस स्टाउफर, ज्युरीत बसलेली माणसं नुसतं ऐकून ऐकून पेंगतात. डॉक्टर साक्ष देत असतो आणि हे मनात रात्रीच्या जेवणाचा विचार करत असतात. त्यांना डोळ्यांनी बघायला काहीतरी द्यावं लागतं. क्रँडलबाईंचा जिना मला टेबलावर मांडून हवाय."

दुकानांच्या खिडक्या सजवण्यात माझा जन्म गेला, एमेट. नाताळात कापसाचं बर्फ आणि ईस्टरला ससे. पहिल्यांदाच कुणीतरी मला अशा कामासाठी विचारतंय, जे बघून लोक नुसते "किती गोड!" म्हणून पुढे जाणार नाहीत. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

काल जाऊन मापं घेऊन आले. बघून हसूच आलं. म्हाताऱ्या शेफरने आपल्याच घरासारखा जिना बांधलाय. तेच खांब, तोच कठडा. हा माणूस स्वतः बुटका होता आणि सगळं गाव आपल्याच मापाचं आहे असं समजून घरं बांधत गेला.

मला दोन बायका कोरून पाठव. एक उंच आणि हडकुळी, एक ठेंगणी आणि जाड. बाहुलीघराच्या मापाच्या, म्हणजे तुझ्या मोठ्या संचातल्या. लवकर पाठव.

तुझी,
लॅव्हिना

---

ओरा, नेब्रास्का
१२ फेब्रुवारी

प्रिय लॅव्हिना,

बर्फाबद्दल काही लिहीत नाही. पडलं आहे, एवढंच.

बाहुल्या पाठवतोय. तांबड्या कागदात गुंडाळल्या आहेत त्या तुझ्या कोर्टाच्या, मोठ्या संचातल्या. दोघींचेही हात खाली सोडलेत. मेलेल्या बाईला कुठला आविर्भाव द्यायचा हे मला ठरवता येईना. निळ्या कागदातल्या आहेत त्या छोट्या, माझ्या खेळण्यातल्या आगगाडीच्या मापाच्या. तुला वसंतात खिडकीत रेल्वे फलाट मांडायचाय ना, त्यासाठी. त्यातली एक हात वर करून गाडीला रुमाल हलवतेय. रुमाल फार नाजूक होता, कोरताना तुटला, हात तेवढा राहिला. दोन्ही संचांची गल्लत करू नकोस. छोटी बाई मोठीच्या खांद्यालासुद्धा लागत नाही.

आता हेटीबद्दल. मला पटत नाही, लॅव्हिना. स्टेशनमास्तरकी करून मी माणसं ओळखायला शिकलो असं मुळीच म्हणत नाही, पण हेटी आपल्या घरात राहिलेली आहे. आई तिला काय काय बोलायची हे मी सुट्टीवर आलो तेव्हा माझ्या कानांनी ऐकलंय. "जाडे, ऐतखाऊ, सूप आहे का भांडी धुतलेलं पाणी?" हेटी म्हणायची, "दोन्ही आहे बाईसाहेब, अर्धं अर्धं." आणि आईच हसत सुटायची.

आणि तो दिवस आठव. आई माडीवरून वाकून तुला हाक मारत होती आणि तिचा तोल गेला. डोकं खाली, पाय वर. हेटी मागून धावली आणि तिने आईच्या एप्रनची गाठ धरून तिला मागे खेचली. दोघी जमिनीवर पडल्या. कठड्यावर घासून आईच्या दंडावर वळ उठले होते. आपला कठडा शेफरचाच आहे. हे तू मिस्टर व्हिटकोमना सांगितलंस का? नसेल तर सांग.

माझे हात आता थरथरतात. ठेंगणीचं नाक जरा वाकडं झालंय. सांभाळून घे.

एमेट

---

हॅलोवेल,
२७ फेब्रुवारी

प्रिय एमेट,

बाहुल्या मिळाल्या. नाक वाकडं आहे ते बरंच झालं, मूळ बाईचंही फार सरळ नाही.

मॉडेल झालं! जिन्याला अक्रोडाचा रंग दिलाय, फरशीचे चौकोन एकेक करून रंगवलेत, भिंतीवरचा कागदसुद्धा तसाच, निळ्या वेलींचा. पहिल्या दिवशी मिस्टर व्हिटकोम आले, सगळीकडून फिरून पाहिलं, पण त्यांचं समाधान झालेलं दिसेना. वरच्या बाईला आणि कठड्याला बोट लावून पाहिलं. "काम सुरेख आहे, मिस स्टाउफर. पण हे बघून कुणाला काय वाटेल?" एवढंच म्हणाले आणि टोपी घालून गेले. दुसऱ्या दिवशी थोडी डागडुजी केली आणि निरोप पाठवला. आले, पाहिलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "हे! अगदी हेच!" काय डागडुजी केली ते तुला सांगून काय करू? कारागिराच्या गोष्टी.

आईचं ते पडता पडता वाचणं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. मला मॉडेल करायला सांगितलंय, आठवणी सांगायला नाही. आणि खरं सांगू? तुझ्या त्या आठवणीत मीही आहे. मी खाली उभी होते. आईने हाक मला मारली होती. त्यानंतर मरेपर्यंत तिने मला एकदाही हाक मारली नाही. पाणी हवं, हेटी. उशी हवी, हेटी. शेवटच्या दिवशी मी तिचा हात धरून बसले होते आणि ती म्हणाली, "हेटी, हात गार आहेत तुझे." तू नव्हतास. तुला हेटी फार भली वाटते ती इतक्या लांबून.

खटला मार्चच्या मध्यावर आहे. मला पुढच्या रांगेत जागा मिळणार आहे.

लॅव्हिना

---

हॅलोवेल,
२१ मार्च

एमेट!

दोषी! ज्युरी दुपारच्या जेवणानंतर आत गेली आणि चहाच्या आधी बाहेर आली. जन्मठेप. सोबत वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलंय. फोटोत मॉडेलच आहे, मधोमध. माझं नाव खाली छापलंय, आणि स्टाउफर बरोबर छापलंय.

सगळं सांगते. मॉडेल चार शिपायांनी उचलून आणलं, वर चादर होती. मिस्टर व्हिटकोमनी चादर ओढली आणि अख्खं कोर्ट पुढे वाकलं. हेटीचा वकील पील म्हणून एक कोवळा पोरगा आहे, तो उठला. "माझी हरकत आहे, हे खेळणं आहे." न्यायाधीश लॅथ्रॉप म्हणाले, "हा पुरावा नाही, हे ज्युरीने लक्षात ठेवावं. हे फक्त समजायला सोपं जावं म्हणून आहे." ज्युरीतल्या सगळ्यांनी शहाण्या मुलांसारख्या माना हलवल्या आणि मग सगळेच्या सगळे मॉडेलभोवती गोळा झाले!

मिस्टर व्हिटकोमच्या हातात शाळेतल्यासारखी काठी होती. आवाज चढवला नाही की काही नाही. "या बाईसाहेब. हा कठडा. बघा, कठडा त्यांच्या कुठवर येतो." लोखंडी सामानाच्या दुकानाचे मिस्टर डॉब्स ज्युरीचे म्होरके होते. त्यांनी आपलं जाडं बोट कठड्यावर ठेवलं, मग बाहुलीच्या बरगड्यांवर ठेवलं आणि मान हलवत शेजारच्याला म्हणाले, "यावरून आपणहून कोण पडेल? उचलूनच टाकायला पाहिजे." सगळ्यांना ऐकू गेलं. आणि वर केलेला तो हात बघून ज्युरीतल्या एका बाईने रुमाल काढला. "बिचारी स्वतःला वाचवत होती," असं दुसरीच्या कानात म्हणाली. मी ऐकलं.

पीलने कठड्याचं माप आकड्यांत वाचून दाखवलं. इंच, फूट, डॉक्टरांचं मत, बाईंना येणारी चक्कर. कुणी ऐकलं नाही. सगळ्यांचे डोळे माझ्या जिन्यावर!

सगळ्यात गंमत तर हेटीने केली. ती बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाली, "बाईसाहेब एवढ्या बुटक्या नव्हत्या हो!" खुनाचा खटला चाललाय आणि ही बाहुलीच्या उंचीवर अडून बसली! सगळं कोर्ट हसलं. मिस्टर व्हिटकोमसुद्धा हसले. पीलने बाही ओढून तिला खाली बसवलं. निकाल वाचला तेव्हाही ती मॉडेलकडेच बघत होती.

मॉडेल पुरावा नव्हतं, म्हणून कोर्टाने ठेवून घेतलं नाही. परत माझ्या कारखान्यात आलंय. रोज कुणी ना कुणी बघायला येतं. काल शाळेतल्या बाई अख्खा वर्ग घेऊन आल्या होत्या.

मिस्टर व्हिटकोम म्हणतात, पुढच्या खटल्यालाही मीच.

तुझी,
लॅव्हिना

---

ओरा,
३० मार्च

प्रिय लॅव्हिना,

कात्रण मी भिंगाखाली धरून पाहिलं. मग खिडकीजवळ नेऊन पाहिलं. मग शेजारच्या मिसेस हॅगनला बोलावून दाखवलं, कारण माझ्या डोळ्यांवर माझा आता भरवसा नाही. तिने विचारलं, "ही बाई कुणाला टाटा करतेय?"

लॅव्हिना, ती निळ्या कागदातली आहे. माझ्या फलाटावरची. तो हात मी गाडीला रुमाल हलवण्यासाठी कोरला होता. जिना तू मोठ्या मापाचा केलास आणि त्यावर माणसं छोट्या मापाची उभी केलीस. क्रँडलबाई चांगल्या उंच होत्या. खरा कठडा त्यांच्या मांडीला लागत असणार, आपल्या घरात आईच्या लागायचा तसाच. मॉडेलमध्ये तो बरगड्यांपर्यंत गेलाय. हेटी बरोबर बोलली आणि तिला सगळे हसले.

मी समजू शकतो. घाई असेल, कागद सुटले असतील. आगगाडीचे छंदी आम्ही, आम्हीसुद्धा हे करतो. मी स्वतः एकदा स्टेशनपेक्षा मोठी गाय उभी केली होती आणि महिनाभर माझ्या लक्षात आलं नाही. पण गाय कुणाला तुरुंगात घालत नाही.

तू उद्याच्या उद्या मिस्टर व्हिटकोमकडे जा. फक्त एवढंच सांग की बाहुल्या चुकीच्या लागल्या. माणूस वाईट नसेल तर तो स्वतः न्यायाधीशांकडे जाईल. नसेल जात तर मी पीलला लिहीन. पण आधी तू सांगावंस असं मला वाटतं. तुझं काम आहे, चूक तुझ्याच तोंडून बाहेर येऊ दे. तोवर मॉडेलला कुणाला हात लावू देऊ नकोस.

एमेट

---

हॅलोवेल,
५ एप्रिल

माझ्या शहाण्या भावा,

तू म्हणतोस ते खरं असेलही. त्या धांदलीत माझं काय काय झालं देव जाणे. बरं झालं तू आधी मला लिहिलंस. सख्खा भाऊ असाच असावा.

मिस्टर व्हिटकोम राजधानीला गेलेत, ईस्टरनंतर येतील. आले की मी स्वतः जाऊन सांगते. तोवर तू पीलला किंवा आणखी कुणाला काही लिहू नकोस. माझ्या तोंडून जायला हवं ना? तूच म्हणालास. मॉडेलची काळजी करू नकोस. मी कारखान्याला कुलूप लावलंय. कुणीही हात लावत नाही.

डोळ्यांना थेंब घालतोस का? मिसेस हॅगनचा पत्ता मला कळव. तुझ्याजवळ कुणीतरी आहे हे वाचून बरं वाटलं.

तुझी लाडकी,
लॅव्हिना

---

ओरा,
२६ मे

लॅव्हिना,

ईस्टर गेला. मी वाट पाहिली. मग आणखी पाहिली. तुझं पत्र आलं नाही, म्हणून मी पीलला लिहिलं. कात्रणही पाठवलं. काल त्याचं उत्तर आलं. मिसेस हॅगनने वाचून दाखवलं, दोनदा.

बिचाऱ्याने हातपाय हलवले. नव्याने खटला चालवा म्हणून अर्ज केला. न्यायाधीशांनी मॉडेल मागवलं. तुझ्या कारखान्यातून आलं. न्यायाधीशांनी स्वतः फूटपट्टी घेऊन बाहुली मोजली. उंच बाई अगदी बरोबर मापाची निघाली आणि कठडा तिच्या मांडीलाच लागत होता. पीलने फोटो दाखवला. फोटोत डॉब्सचं बोट नेमकं कठड्यावर आहे, काही नीट दिसत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. त्यांच्या मते हात वर, चेहरा तोच, मग बाहुली तीच. मग मिस्टर व्हिटकोम उठले आणि म्हणाले, "कठडा मांडीपर्यंत आहे हे ज्युरीने बघितलं आणि तरीही तिला दोषी ठरवलं. मग आणखी काय हवंय?" डॉब्सला विचारावं असं पील म्हणाला. ज्युरी एकदा उठली की तिच्या मनात काय होतं हे विचारता येत नाही म्हणे. अर्ज फेटाळला. माझ्याबद्दल न्यायाधीशांनी लिहिलंय की पत्र पाठवणारे गृहस्थ वयस्क असून त्यांची दृष्टी अधू आहे.

असेल अधू. पण मी ती बाई कोरली, लॅव्हिना. मोठ्या संचातल्या दोघींचेही हात मी खाली सोडले होते. तुला तसं लिहिलंही होतं. पील लिहितो, कोर्टात आलेल्या उंच बाईचा हात वर होता. तो हात कुणी वर केला?

तू तो खांद्यातून कापलास आणि सरसाने वर चिकटवलास. आणि मी तुला त्यासाठी पुरेसा वेळ दिला. "चूक तुझ्याच तोंडून बाहेर येऊ दे," असं लिहिणारा मी. रेल्वेत एवढी वर्षं सिग्नल दिले, आणि हा असा दिला.

ती चूक नव्हतीच. पहिल्या दिवशी तू मोठ्या बाहुल्या लावल्यास. त्या बघून कुणालाही वाटलं असतं की बाई आपणहून पडली. म्हणून व्हिटकोमचं समाधान झालं नाही. हीच तुझी डागडुजी. मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

मी हॅलोवेलला येतोय. ज्यांवरून दोघींना कोरलं ते मोठ्या संचाचे साचे माझ्याकडे आहेत. मी ते न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवीन. त्यांना फूटपट्टी वापरता येते, तर हात कुठे होता हेही दिसेल. हेटीला मी पत्र लिहिलंय की कुणीतरी तिचं ऐकलं.

एमेट

---

हॅलोवेल,
८ जून

प्रिय एमेट,

तू येतोयस हे वाचून फार आनंद झाला. पण एकट्याने बसने मुळीच निघू नकोस. मीच न्यायला येतेय. मिसेस हॅगनशी माझा पत्रव्यवहार चालू आहे, भली बाई आहे. तू स्टोव्ह पेटता ठेवून झोपतोस, दारात उभा राहून नसलेल्या गाडीची वाट बघतोस, असं तिने काळजीने कळवलं. मी ते पत्र तुझ्या डॉक्टरांना पाठवलं. त्यांचंही मत पडलं की तू आता एकटं राहणं बरं नव्हे. तुझी जबाबदारी आता माझ्याकडे, कागदावर तशा सह्या झाल्यात. मिस्टर व्हिटकोमनी सगळं बघितलं. फार मदत केली त्यांनी.

साचे वगैरे आणायची गरज नाही. मिसेस हॅगनला सांगितलंय, छंदाचं सगळं सामान चुलीत घाल, तो बघून उगाच कष्टी होईल. कोरायच्या सुऱ्या तर आणूच नकोस. त्या थरथरत्या हातात?

हेटीला लिहिलेलं तुझं पत्र परत आलंय. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी माझा पत्ता टाकलास, तुझा टाकायचा राहिला, म्हणून ते माझ्याकडे आलं. बघ, म्हणूनच म्हणते. ती आता तुरुंगाच्या धुलाईखान्यात आहे, असं ऐकलं. कामाची सवय आहे तिला.

मला नवं काम मिळालंय. धान्याच्या कोठाराचं मॉडेल. शिडी आहे, एक माणूस वर, एक खाली. बाहुल्या यापुढे शिकागोहून मागवीन, तू दमू नकोस.

तुझ्यासाठी आईची खोली झाडून घेतली आहे, माडीवरची. सकाळचं ऊन येतं. मी दिवसभर खाली कारखान्यात असते, काही लागलं तर हाक मार. पण कठड्यावरून वाकू नकोस हं. आपला कठडा केवढासा, तुला माहीत आहे. त्यातून तुझे डोळे असे, आणि तू उंच. जरा वाकलं की माणूस सरळ खाली, कुणी ढकलायलासुद्धा लागत नाही. आईला मागे खेचायला हेटी होती.

तुझी,
लॅव्हिना